नवे मास्टर, जुनी पोरं

पहाटे सव्वापाच

क्लबचे बॉल माझ्या घरी असतात. पंप, कोन, दोन रंगांची बिबं आणि बर्फाचा डबाही माझ्याकडेच. बँकेतला माणूस तमिळनाडूतल्या पापनाशमच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर कसा झाला, असं नवीन भेटणारा प्रत्येक जण विचारतो. मी कोल्हापूरचा आहे, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं. पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्यांवर वाढलेला माणूस बदलीच्या गावी आधी मैदान शोधतो, भाड्याचं घर मागाहून बघतो.

आज बॉलमध्ये हवा भरताना फोन सारखा थरथरतोय. डाव्या बॅकनं पहाटे चारलाच विचारून ठेवलंय, "सार, आज पण नवेच मास्टर का?" म्हणजे त्याला रात्री नीट झोप लागलेली नाही. आमचा संघ लीगच्या तळाला आहे. मागच्या आठवड्यात जुने मास्टर गेले. समितीनं सांगितलं, त्यांनी मान्य केलं, मुलांशी हात मिळवले आणि मोटारसायकलवर बसून निघून गेले. नवे मास्टर रेल्वेत नोकरी केलेले, साठीला टेकलेले, कमी बोलणारे. आज त्यांचा दुसरा दिवस.

पावणेसहा

तमिळ तै महिना चालू आहे. सांबा भाताची कापणी जोरात असल्यानं मैदानापलीकडे यंत्रं रात्रभर घरघरत असतात. कुडमुरुट्टी नदीच्या बाजूनं येणाऱ्या दमट हवेत सगळ्यांचे बूट पाच मिनिटांत ओले होतात.

हजेरी घेताना पहिली गोष्ट लक्षात येते. गेले कित्येक आठवडे न दिसलेली पोरं आज आली आहेत. एकाचा गुडघा बरा झालाय, एकाची परीक्षा संपलीय, एकाला काकांनी सुट्टी दिलीय. कारणं खरीच असतील. पण मुख्य कारण ज्याला त्याला ठाऊक आहे. जुन्या मास्टरांच्या मनातली अकरा नावं पक्की झाली होती आणि बाहेरच्यांनी आशा सोडली होती. आता ती यादी कुणाच्याच मनात नाही.

आत असलेल्या अकरा जणांकडे मात्र बघवत नाही. कालपर्यंत ज्याची जागा निश्चित होती तो उजवा हाफ आज गरज नसताना धावतोय. बॉल डाव्या टोकाला असताना हा उजवीकडे मोकळ्या जागेत पूर्ण वेगानं पळतो आणि मग चोरून मास्टरांकडे बघतो. मुलं धडपड करतायत म्हणून समितीचे लोक खूश होतील. मला ते पळणं खेळाचं वाटत नाही. नव्या माणसाच्या नजरेत भरायला केलेली ती मेहनत असते. असा खेळाडू तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांडी धरून खाली बसतो.

नव्या मास्टरांनी काल कुणालाही नाव विचारलं नाही, जागाही विचारली नाही. "कुठला पाय?" एवढाच प्रश्न प्रत्येकाला. मग जुने-नवे, आतले-बाहेरचे सगळे मिसळून पाच-पाचचे संघ केले. आजही तेच. कर्णधार एका बाजूला आणि त्याचा नेहमीचा जोडीदार समोरच्या बाजूला. कर्णधाराच्या तोंडून सवयीनं हुकूम निघतो आणि अर्धवटच राहतो. जुन्या मास्टरांनी त्याच्या दंडाला पट्टी बांधली होती. ती अजून त्याचीच आहे का, हे कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायचं कसं हे त्याला सुचत नाही.

मग तो प्रसंग. डावीकडून उंच बॉल येतो. डावा स्टॉपर ओरडतो, "कीपर, सोड!" कीपर सोडत नाही. दोघं आदळतात आणि बॉल जाळ्यात जातो. पाच मिनिटांनी तसंच पुन्हा. मास्टर खेळ थांबवतात आणि सगळ्यांसमोर कीपरला खडसावतात. "हाक ऐकायची नसेल तर गोलमध्ये उभं राहू नकोस." एकोणीस वर्षांचा मुलगा, मान खाली. काही बोलत नाही.

सगळ्यांदेखत बोलणं ही प्रशिक्षकाची जुनी पद्धत आहे आणि मोठमोठ्या माणसांनी ती वापरली आहे. २६ डिसेंबर २००८ रोजी मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला ४-० नं मागे असलेल्या हल सिटीच्या खेळाडूंना फिल ब्राउन यांनी ड्रेसिंग रूममध्ये नेलंच नाही. आपल्याच प्रेक्षकांसमोर मैदानात बसवून त्यांची हजेरी घेतली. सामना ५-१ नं गेला. हल सिटी त्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये टिकली खरी, पण कशीबशी. हेच ब्राउन पुढे डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या पुण्यात आले. तेव्हा एफसी पुणे सिटी इतकी खचलेली होती की त्याच हंगामातले ते तिसरे प्रशिक्षक ठरले.

साडेसात

चहाची टपरी म्हणायची, पण इथे कॉफीच जास्त खपते. कुंभकोणम जवळ, त्यामुळे प्रत्येक पाटीवर 'डिग्री कॉफी'. पोरं डबरा-टंबलर घेऊन कट्ट्यावर बसतात. मास्टर घरी गेले, की खरी चर्चा इथे चालू होते.

उजवा हाफ मोबाइल काढून सांगतो, "चेन्नईयनचं बघा ना. कॉइल आले आणि अख्खी टीम बदलली." हे उदाहरण तमिळनाडूतल्या प्रत्येक फुटबॉलवेड्या पोराला पाठ आहे आणि ते खरंही आहे. जॉन ग्रेगरी यांनी २०१७-१८ मध्ये चेन्नईयनला इंडियन सुपर लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्याच हंगामात तोच संघ १८ सामन्यांत ९ गुण घेऊन तळाला गेला. तरी क्लबनं त्यांना ठेवलं. २०१९-२० च्या सुरुवातीला पहिल्या चार सामन्यांत एकही गोल झाला नाही. सहा सामन्यांत ५ गुण झाले आणि नोव्हेंबरअखेर ग्रेगरी बाजूला झाले. डिसेंबरच्या सुरुवातीला ओवेन कॉइल आले. बर्नलीला प्रीमियर लीगमध्ये नेलेला माणूस. उरलेल्या बारा सामन्यांत संघानं २४ गुण मिळवले, चौथा क्रमांक गाठला, उपांत्य फेरीत गोव्याला एकूण ६-५ असं हरवलं आणि १४ मार्च २०२० ला फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये अंतिम सामना खेळला. एटीकेनं तो ३-१ नं जिंकला, पण तळातून तिथवर येणं सोपं नव्हतं.

"खेळाडू तेच होते ना, सार?" हाफ विचारतो.

तेच होते. वाल्स्किस तोच. त्यानं त्या हंगामात १५ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. क्रिव्हेलारो तोच, थापा तोच, छांगटे तोच. पोरांना यात धीर मिळतो, कारण त्याचा अर्थ असा निघतो की दोष आपल्या पायांत नव्हता. मी त्यांचा धीर मोडत नाही. पण बोलून टाकतो, की ग्रेगरींच्या शेवटच्या दोन सामन्यांतच गोल होऊ लागले होते. हैदराबादवर २-१, मग ओडिशाशी २-२. दार थोडं उघडलं होतं, तेव्हा कॉइल आले.

कीपर कॉफी न घेताच सायकलवर बसतो. त्याला थांबवावंसं वाटतं, पण त्याच्या बाजूला आणखी चौघं असताना काय बोलणार?

दहा ते दोन

बँकेत कापणीची गर्दी. सरकारी खरेदी केंद्रावर भात घातलेल्यांचे पैसे खात्यावर जमा होतात. पासबुकावर छापून घ्यायला रांग, दागिन्यांवरचं शेतीकर्ज फेडून वस्तू सोडवायला दुसरी रांग. आमचा उजवा स्टॉपर याच दिवसांत खरेदी केंद्रावर पोती उचलतो. सकाळी सरावाला येतो, दिवसभर पोती, संध्याकाळी परत सराव. जुन्या मास्टरांना हे माहीत होतं. कापणीच्या महिन्यात ते त्याला धावण्याच्या फेऱ्या माफ करायचे. काल नव्या मास्टरांनी त्याच्याकडून सगळ्या फेऱ्या काढून घेतल्या. त्यानंही तोंड उघडलं नाही. दुसऱ्याच दिवशी सवलत मागणारा खेळाडू म्हणून ओळख व्हायला कुणाला आवडेल?

नव्या मास्टरांना पोरं पहिल्यांदाच दिसतायत, म्हणून बाहेर पडलेल्याला दुसरी संधी मिळते आणि पोती उचलणाऱ्याच्या खांद्यावर वीस फेऱ्या पडतात. दोन्ही एकाच कारणानं घडतं. लोक पहिल्याबद्दल बोलतात, दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुपारी डबा खाताना सहकारी विचारतात, आता जिंकणार का? मी त्यांना हॉलंडचा एक अभ्यास सांगतो. बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या सर्वोच्च लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरतात हे खरं निघालं. पण तितक्याच वाईट अवस्थेत असून ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, तेही जवळपास तसेच सावरले. पडता काळ बहुधा आपोआप संपत असतो आणि जो त्या वेळी खुर्चीत असतो त्याला श्रेय मिळतं. आकडेमोड करणारी माणसं आहेत, त्यांना हे लगेच पटतं. मलाही पटतं. पण या अभ्यासात गुण मोजलेत. बावीस पोरांच्या पोटात आज काय चाललंय ते गुणतक्त्यात उतरत नाही, आणि मला सांभाळायचंय ते हेच.

सव्वातीन

कर्णधार कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयातून पॅसेंजरनं परत येताना फोन करतो. गाडीच्या आवाजात त्याचं अर्धं ऐकू येत नाही.

"सार, मी त्यांना फोन करू का?"

"कुणाला?"

"जुन्या मास्टरांना. नवे मास्टर रागावतील?"

त्याला वाटतंय, मास्टर आपल्यामुळे गेले. शेवटच्या सामन्यात त्याची पेनल्टी वाचवली गेली होती. प्रशिक्षकाला काढतात तेव्हा खेळाडूच्या मनात हे हमखास येतं, आणि संघातल्या सगळ्यात प्रामाणिक मुलाच्या मनात आधी येतं. मी त्याला सांगितलं, एका पेनल्टीनं कुणी जात नाही. फोन जरूर कर, आणि पट्टीचं काय ते आज संध्याकाळी स्वतः जाऊन नव्या मास्टरांना विचार. "नाही म्हणाले तर?" तर नाही म्हणाले, पण निदान तुला कळलेलं असेल. ते न कळणं याहून वाईट आहे.

संध्याकाळी सव्वापाच

बँकेतून थेट मैदानावर. सराव निम्मा झालाय आणि माझ्यासमोर एक नवल घडतंय. आमचा राखीव उजवा बॅक, ज्याला गेल्या वर्षभरात उभं राहायलाही कमी वेळ मिळाला, तो मधोमध खेळतोय. मास्टरांनी त्याला दोन हाफच्या मागे ठेवलाय. तो फार धावत नाही. बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघतो, मग एका टचमध्ये पास. हे तो आधीही करत असणार. पण टोकाला उभ्या असलेल्या बॅकला मान वळवून बघायला मागे फक्त चुन्याची रेघ असते.

चेन्नईयनच्या एडविन सिडनी व्हान्सपॉलची मला आठवण होते. तमिळनाडूचाच मुलगा, चेन्नई सिटीबरोबर २०१८-१९ ची आय-लीग जिंकलेला, बॅक म्हणून ओळखला जाणारा. कॉइल यांनी त्याला मधल्या फळीत थापाच्या शेजारी खेळवलं आणि संघाचा मध्य घट्ट झाला. प्रशिक्षक बदलाच्या गोष्टींत भाषणं फार सांगितली जातात. मला वाटतं, बदल झालाच तर तो असा होतो. कुणीतरी एखाद्याला वीस पावलं आत सरकवतं आणि त्याला स्वतःच्याच खेळाचा नवा अर्थ लागतो. जुने मास्टर कमी हुशार नव्हते. त्यांनी या मुलाला तो पंधरा वर्षांचा असताना बॅक केलं, आणि मग तो त्यांच्या डोळ्यांत कायम बॅकच राहिला. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही.

त्याच्यामुळे बाहेर गेलेला हाफ रेषेवर पाण्याची बाटली घेऊन उभा आहे. त्याचं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे. त्याला मी बिबं गोळा करायला लावत नाही. आज ते काम मीच करतो.

खेळ थांबल्यावर मास्टर मला बाजूला घेतात. पहिल्यांदाच सविस्तर बोलतात.

"तुम्ही किती वर्षं आहात यांच्यासोबत?"

मी सांगतो. ते म्हणतात, मग मला दिसत नाही ते सांगत जा. तक्रारी नकोत, माहिती द्या.

मी पोत्यांबद्दल सांगतो. ते ऐकून घेतात, खरेदी केंद्र कधी बंद होतं ते विचारतात आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहितात. माझ्या मनात एकदम साबिर पाशा आले. चेन्नईत इंडियन बँकेकडून खेळलेले, भारताकडून खेळलेले, आणि चेन्नईयनमध्ये ग्रेगरींच्या हाताखालीही सहायक आणि कॉइल यांच्या हाताखालीही सहायक. वर्तमानपत्रात नाव येतं मुख्य प्रशिक्षकाचं. पण स्कॉटलंडहून आलेल्या माणसाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुणाचा पाय कधी आखडतो आणि कुणाशी हिंदीत बोलायचं, कुणाशी तमिळमध्ये, हे सांगायला राहिलेला माणूसच लागतो. प्रशिक्षक बदलताना क्लबनं सगळंच धुऊन काढायचं ठरवलं आणि सहायकालाही घालवलं, तर तिथून पुढे प्रत्येक खेळाडूला आपलं दुखणं पहिल्यापासून सांगावं लागतं. बरेच जण सांगतच नाहीत.

कर्णधार अंधार पडेपर्यंत घोटाळत राहतो आणि शेवटी जातो मास्टरांकडे. मला ऐकू येत नाही. येताना चेहऱ्यावरून काही कळत नाही. "रविवारी सांगतो म्हणाले," एवढंच म्हणतो आणि बूट सोडायला बसतो.

सात

समितीची बैठक कुणाच्या तरी ओसरीवर. रविवारी तंजावरला जायला गाडी, तिचं भाडं, नव्या मास्टरांचा प्रवासखर्च. एक सदस्य म्हणतात, तीन सामन्यांत फरक दिसला पाहिजे. मी विचारतो, दिसला नाही तर? तर पुढचं बघू. मी त्यांना पुण्याचं सांगतो. २०१८ च्या ऑक्टोबरात पुणे सिटीनं तीन सामन्यांनंतर मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना निरोप दिला. मग प्रद्युम रेड्डी हंगामी, मग ब्राउन. संघ सातवा आला आणि पुढच्या वर्षी बालेवाडीला तो क्लबच राहिला नाही, त्या जागी हैदराबादचा संघ आला. क्लब बंद व्हायला पैशांचीही कारणं असतात. पण खेळाडूंनी एका हंगामात तीन माणसांना पहिल्यापासून स्वतःची ओळख करून दिली, हे खरंच आहे. आमच्या पोरांना मला त्यातून न्यायचं नाही. भाड्याच्या गाडीचं ठरतं, बाकीचं राहतं.

साडेआठ

बायको जेवताना विचारते, "अहो, तो तुमचा कीपर आज दुकानात दिसला. तोंड एवढंसं झालेलं. काय झालं?" तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मी सकाळचं सांगतो.

"मग तुम्ही बोलला नाहीत त्याच्याशी?"

"उद्या बोलतो."

मी विशाल कैथचं सांगायला लागतो. हिमाचलचा गोलकीपर, त्या फुटलेल्या वर्षी पुण्यात होता, मग चेन्नईयनला आला आणि तिथेही दोन महिन्यांत प्रशिक्षक बदलला. पोर्तुगाल, रेड्डी, ब्राउन, ग्रेगरी, कॉइल. ऑक्टोबर २०१८ ते डिसेंबर २०१९ एवढ्यात पाच माणसं. कीपरला तर हे जास्तच अवघड. फॉरवर्ड चार संधी घालवून पाचवीला गोल करतो आणि सगळं माफ होतं. कीपरचं एकच चुकतं आणि नव्या प्रशिक्षकाला तेवढंच दिसतं. तरी २१ फेब्रुवारी २०२० ला अंधेरीत मुंबई सिटीविरुद्ध चेन्नईयननं गोल खाल्ला नाही. मुंबईकडूनच पूर्वी खेळलेल्या लुसियान गोयाननं शेवटच्या दहा मिनिटांच्या आसपास गोल केला, चेन्नईयन पुढे गेली आणि मुंबई २६ गुणांवर पाचवी राहिली. तो सामना आम्ही दोघांनी याच खोलीत बघितला होता. कोल्हापूरचा म्हणून मी मुंबईकडे, तंजावर जिल्ह्यात राहतो म्हणून चेन्नईकडे, अशी माझी ओढाताण झाली होती. अंधेरीचं ते मैदान शहाजीराजांच्या नावाचं, आणि इथून तासाभरावर तंजावरला त्यांच्याच मुलानं, व्यंकोजीराजांनी, गादी स्थापली. त्या संध्याकाळी मला ते फार जवळचं वाटलं होतं.

"कैथचं राहू दे," ती म्हणते. "तुमच्या पोराचं बघा."

सव्वादहा

जुन्या मास्टरांचा फोन. कर्णधारानं त्यांना खरंच फोन केला होता, अर्धा तास बोलले दोघं. आवाजात राग नाही. ते म्हणतात, मी एक यादी लिहून पाठवतोय, तुमच्याकडे देतो, त्यांना थेट पाठवणं बरं दिसणार नाही.

यादी येते. तमिळमध्ये, वहीच्या पानाचा फोटो. प्रत्येक मुलापुढे एक-दोन ओळी. उजवा स्टॉपर, कापणीत फेऱ्या नकोत. डावा बॅक, घरी आजी आजारी, उशीर झाला तर विचारू नये. कर्णधार, हरल्यावर एकटं सोडू नये. सगळ्यात खाली कीपर. डाव्या कानानं कमी ऐकतो, लहानपणी कान फुटलेला. फक्त मला सांगितलंय. चौघांत बोलू नका.

(कीपरची परवानगी घेऊनच हे लिहितोय. आता संघात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यानंच सांगितलं.)

मी नव्या मास्टरांना फोन लावतो. झोपले असतील असं वाटतं, पण दुसऱ्या रिंगला उचलतात. मी फक्त शेवटची ओळ वाचून दाखवतो. पलीकडे काही वेळ आवाज नाही.

"दोन्ही स्टॉपरांत मोठा आवाज कुणाचा?" ते विचारतात.

"पोतीवाल्याचा."

"मग उद्यापासून त्याला डावीकडे घेऊ. आणि त्या कॉलवर हात वर करायचा, दोघांनीही. सगळ्या संघालाच तसं शिकवू, म्हणजे एकट्यासाठी आहे असं दिसणार नाही." थोडं थांबून म्हणतात, "तो सकाळी किती वाजता येतो?"

"सगळ्यांत आधी. साडेपाचला गोलखांबापाशी असतो."

"मी सव्वापाचला येतो," ते म्हणतात. "तुम्ही त्याच्यासाठी एक बॉल लवकर आणा."